वर्षाला एक घर

जळगाव, ३१ जुलै २०२५

निंबा,

पत्राचं कारण तुझी पोस्टकार्डं.

पर्युषण तीन आठवड्यांवर आलं आहे. धनकुंवर क्षमापनेच्या कार्डांवर पत्ते घालायला बसली. छापील मजकूर दरवर्षी तोच असतो: वर्षभरात जाणते-अजाणतेपणी आपलं मन दुखावलं असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा असावी. यादीत तू अकरावा आहेस. वडिलांच्या वेळी घातलेलं नाव, मी कधी काढलं नाही. मी कधी सहीही केली नाही. पत्ते ती घालते, सही मिलमधला मुनीम करतो.

तिने विचारलं, "हे धुळ्याचे पाटील दरवर्षी उत्तर देतात. तुम्ही वाचता तरी का?"

"वाचण्यासारखं काय असतं? एक ओळ असते."

"मग त्या ओळीचा अर्थ सांगा."

तिने कपाटातून एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

तिने कार्डं जपून ठेवली आहेत हे मला माहीत नव्हतं. आठ निघाली. प्रत्येकावर तारीख आणि बुद्धिबळातल्या एका ओपनिंगचं, डावाच्या सुरुवातीचं, नाव. सही नाही, खुशाली नाही. २०१७ ला कारो-कान. मग फिलिडोर. मग इंग्लिश. २०२० ला स्पॅनिश, ते तेवढं महिनाभर उशिरा आलं. २०२१ ला पुन्हा फिलिडोर. मग स्कँडिनेव्हियन, मग डॅनिश. आणि गेल्या वर्षी पुन्हा इंग्लिश.

मी समजत होतो तू टोमणे मारतोस. तू खेळत राहिलास आणि मी सोडलं, त्याची आठवण देतोस. फिलिडोर दुसऱ्यांदा आलं तेव्हा वाटलं, टोमणे संपले. किंवा तुझी स्मरणशक्ती गेली. माझं वाईट मन आहे, हे तुला नवीन नाही.

आज आठही एकत्र पाहिली. ही टोमण्याची पद्धत नव्हे. टोमणा मारणारा माणूस इतका धीर धरत नाही.

हे काय आहे, निंबा? सरळ विचारतो, सरळ सांग. धुळ्याला १९८७ साली जे झालं ते झालं. तू हात पुढे केलास, मी तो धरला, पुढचं पंचांनी लिहिलं. त्याचा याच्याशी संबंध असेल तर तसं कळव.

निर्मल

&nbsp;

जळगाव, ४ ऑगस्ट २०२५

निंबा,

तुझं उत्तर यायच्या आतच लिहितो आहे. उत्तर येऊ नये असंही वाटतं आहे. आधी मला सुटू दे.

माझा पहिला मूर्खपणा सांगतो. इंग्लिश, स्पॅनिश, डॅनिश, स्कँडिनेव्हियन. मला वाटलं नकाशा आहे. नातीचा ॲटलास घेतला, देशांना पेन्सिलने रेघा जोडल्या. फिलिडोर कुठे घालायचा कळेना, तो तर माणूस. धनकुंवर चहा ठेवून गेली. जाताना म्हणाली, "युरोपची सहल निघाली वाटतं. मला सांधेदुखी आहे, मी येत नाही."

मग नावांची पहिली अक्षरं लावून पाहिली. मग आठही सुरुवाती पटावर खेळून पाहिल्या. पट घरात नव्हता, बाजारातून आणला. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? मी हो म्हणालो. बघ, खोटं बोलायला मला कारणसुद्धा लागत नाही.

काल दुपारी मिलमध्ये बसलो होतो. तुरीची गाडी खाली होत होती. काही विचार करत नव्हतो. आणि मला आपली वही आठवली.

सार्वजनिक वाचनालयातलं ते एकच पुस्तक. घरी द्यायचे नाहीत. कॉलेज सुटलं की पावणेसहाला आपण पोचायचो, साडेसहाला ग्रंथपाल दिवे घालवायचे. पाऊण तासात सगळ्या खेळ्या उतरवणं शक्य नव्हतं. म्हणून तू युक्ती काढलीस. प्रत्येक ओपनिंगसाठी वहीत एक छोटा चौकोनी पट आखायचा आणि त्यात फक्त एक टिंब द्यायचं. ज्या खेळीमुळे त्या सुरुवातीला तिचं नाव मिळतं, ती खेळी ज्या घरात येऊन थांबते, त्या घरात. बाकी खेळ्या हॉस्टेलला जाता जाता आठवायच्या. तू म्हणायचास, "नाव कुठे पडतं तेवढं ध्यानात ठेव."

कारो-कान म्हणजे काळं प्यादं सी-सहावर. फिलिडोर डी-सहावर. इंग्लिश सी-चार. स्पॅनिश म्हणजे पांढरा उंट बी-पाचवर. स्कँडिनेव्हियन डी-पाच. डॅनिश सी-तीन.

चाळीस वर्षं झाली. एकही टिंब हललेलं नाही. पेन्सिल कशी धरायचास तेसुद्धा दिसलं.

म्हणजे तू नावं पाठवत नव्हतास, घरं पाठवत होतास. आठ कार्डं, आठ घरं. त्यातली दोन दोनदा आली, म्हणजे सहाच घरं. मी त्या सहा घरांवर डाळीचे दाणे ठेवले आणि पाहत बसलो. आकृती होत नाही. अक्षर होत नाही.

पण आता हे सोडवल्याशिवाय मला दुसरं काही करता येणार नाही. मिलमधल्या माणसांनी दोनदा विचारलं, शेठ, तब्येत बरी आहे ना?

निर्मल

&nbsp;

जळगाव, ७ ऑगस्ट २०२५

निंबा,

सुटलं.

धनकुंवरला बुद्धिबळातलं काही कळत नाही. तिने कार्डं रांगेत मांडली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "ही दोन काळ्या शाईची. ही दोन निळ्या. ही दोन पुन्हा काळ्या. ही पुन्हा निळ्या. त्यांच्याकडे दोन पेनं आहेत आणि ते दोन-दोन वर्षांनी बदलतात. असं कोण करतं?"

असं तूच करतोस. वहीत काळ्याच्या खेळ्या काळ्या शाईने, पांढऱ्याच्या निळ्या.

दोन वर्षं मिळून एक खेळी. एका वर्षी निघायचं घर, दुसऱ्या वर्षी पोचायचं. २०१७, १८: काळा मोहरा सी-सहावरून डी-सहावर. २०१९, २०: पांढरा सी-चारवरून बी-पाचवर. मग काळा डी-सहावरून डी-पाचवर. मग पांढरा सी-तीनवरून सी-चारवर.

मोहरे कोणते, हे मला शोधावं लागलं नाही. पटावर हात गेला आणि मोहरे आपोआप जागेवर बसले. काळा राजा सी-सहा. पांढरा राजा सी-चार. पांढरं प्यादं सी-तीन. बाकी पट रिकामा. ही धुळ्याची शेवटची स्थिती आहे. मी ती अडतीस वर्षं आठवायची नाही असं ठरवलं होतं, आणि ती माझ्या बोटांत तशीच होती.

आता लिहितो. पहिल्या पत्रात लिहिलं ते खरं नाही.

मी राजाने तुझं शेवटचं प्यादं मारलं. तुझ्याकडे फक्त राजा उरला. माझ्या आजोबांनी आपल्या दोघांना मिलच्या ओट्यावर देशी डाव शिकवला होता, आणि त्या डावात समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी. डाव बरोबरीत. प्यादं दोन घरं चालतं, राजा किल्ल्यात जातो, हे सगळं आपण पुस्तकातून नवं शिकलो. बुर्जी या खेळात नाही, हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. जे नाही ते कोण लिहील? आपण ती धरूनच चाललो.

तू म्हणालास, "निर्मल, बुर्जी. बरोबरी." आणि हात पुढे केलास.

मलाही बरोबरीच वाटली. तू अर्ध्या गुणाने पुढे होतास. बरोबरी म्हणजे पुढच्या स्पर्धेला नागपूरला तू जाणार. मी हात धरला. तेवढ्यात पंच टेबलाशी आले. त्यांनी निकाल विचारला. मी म्हणालो, "यांनी हार मानली."

तू माझ्याकडे पाहिलंस. पंचांनी तुला विचारलं, बरोबर? तू काहीच बोलला नाहीस. उठून गेलास.

नागपूरला मी पहिले दोन डाव हरलो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. पुन्हा पटाला हात लावला नाही. लोकांना सांगितलं, धंद्यातून वेळ मिळत नाही.

आणि आता तुझ्या चार खेळ्या. तुझा राजा बाजूला सरकतो. माझा राजा प्याद्याच्या पुढे, तिरका, बी-पाचवर जातो. मी तिथे गेलोच नसतो. मी राजा बाजूला घेऊन प्यादं ढकललं असतं. तुझा राजा पुढे येतो. माझं प्यादं एक घर चालतं आणि शह पडतो. पुढचं मी स्वतः खेळून पाहिलं. तुझ्या बाजूने सगळ्या वाटा काढल्या, परवा सकाळपासून काल संध्याकाळपर्यंत. राजा मागे घेतला, पुढे नेला, कोपऱ्यात उभा केला. प्यादं वजीर होतंच. दर वेळी होतं.

डाव माझा होता. खोटं न बोलता माझा होता.

मी हे धनकुंवरला समजावून सांगितलं. ती पटाकडे पाहत राहिली. म्हणाली, "आणि हे सांगायला त्यांनी आठ वर्षं घेतली?" मग कार्डं गोळा करता करता, "आणि तुम्हाला वाचायला?"

निंबा, मी देरासरात जातो, प्रवचनं ऐकतो. मोठ्या गोष्टी ऐकून माझ्यात कधी काही हललं नाही. पण पन्नास पैशांच्या आठ कार्डांवर, दर वर्षी एक, माझ्या विजयाचा पुरावा मला पाठवणारा माणूस धुळ्यात राहतो, आणि तो माणूस तू आहेस, ज्याचा डाव मी खाल्ला, हे कळल्यापासून माझा आवाज खाली आला आहे. घरातले विचारतात, घसा बसला का?

तुझा फोन नंबर मिळेल. मी मुद्दाम शोधत नाही. फोनवर मी खोटं बोलू शकतो.

निर्मल

&nbsp;

धुळे, १२ ऑगस्ट २०२५

निर्मल,

तिन्ही पत्रं मिळाली. शेवटचं दोन दिवसांत आलं. मी पोस्टात होतो तेव्हाही ते इतकं चोख नव्हतं.

तू माझ्याबद्दल मोठं-मोठं लिहिलं आहेस. ते खोडतो. मी पंचांसमोर गप्प राहिलो तो मोठेपणाने नाही. तू बोललास आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की पुस्तकात बुर्जी कुठेही नाही. मी बुर्जी म्हटलं असतं तर हॉलमधले पुण्या-नाशिकचे सगळे हसले असते. खेड्यातलं पोर, ओट्यावरचा खेळ घेऊन आलं. त्या भीतीने तोंड उघडलं नाही.

डाव तुझा होता हे मला २०१६ साली कळलं. मुदतीआधीच रिटायर झालो आणि पोस्टल कॉलनीतल्या मुलींना शिकवायला लागलो. त्यांना राजा आणि प्याद्याचा शेवट दाखवायचा होता. मी आपली स्थिती मांडली. म्हटलं, मुलींनो, बघा, इथे बरोबरी होत होती. एक पलक नावाची दहा वर्षांची पोरगी म्हणाली, "सर, पांढरा जिंकतो ना." आणि तिने राजा उचलून बी-पाचवर ठेवला.

मी शिकवणी तिथेच सोडली. जिन्यावर जाऊन बसलो.

एकोणतीस वर्षं मी मनात धरून होतो की निर्मलने माझा डाव चोरला. आणि डाव तुझाच. तू तुझाच माल चोरलास. मला हसू आलं, मग राग आला. माझा राग माझ्याकडे राहिलेली एकच चीज होती, तीही खोटी निघते की काय? मग विचार केला. डाव तुझा असेल. पण "हार मानली" हे वाक्य माझं नव्हतं. ते तू माझ्या तोंडात घातलंस. तेवढा राग खरा.

तुला एकदम कळवलं असतं तर तू लगेच सुटला असतास. तुझ्यासारखा माणूस सुटायला टपलेलाच असतो. कळवलं नसतं तर मी स्वतःशी खोटा ठरलो असतो. दोन्ही नको होतं. तुमचं ते छापील कार्ड आलं तेव्हा ठरवलं, वर्षाला एक घर. क्षमा छापील येते तोवर डावही तुकड्यांनी जाईल. तू पहिल्या दोन वर्षांतच ओळखशील असं वाटलं होतं. आठ लागली. आता पुढचं घर नाही. शह दिला, माझं काम झालं.

तू क्षमा मागितलेली नाहीस हे माझ्या लक्षात आलं. बरं केलंस. ती अडतीस वेळा आली आहे.

मला वेगळं हवं आहे.

त्या दिवशी थोरले अभिमनभाऊ हॉलमध्ये मागे उभे होते. त्यांनी गावी जाऊन सांगितलं, निंबाने हार मानून हात दिला आणि उठला. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. ताईबाई घरात आली तेव्हा ही गोष्ट तिच्या आधी घरात होती. मी बढतीची परीक्षा दिली नाही, तर "हात दिला". बांधाच्या भांडणात मागे सरलो, तर "हात दिला". भाऊ गेले. वहिनी, बेबाबाई, शेजारच्याच घरात राहतात आणि त्यांची गोष्ट चालवतात. ताईबाईने मला कधी वाईट वागवलं नाही. पण मी मधेच सोडणारा माणूस आहे, असं धरूनच तिने संसार केला. प्रत्येक ठिकाणी माझ्या पुढे जाऊन उभी राहिली. मी कधी सांगितलं नाही. हरलेला माणूस सांगतो ते कोण ऐकतं?

पत्र वाचून दाखवलं तर म्हणेल, हे तुम्हीच लिहिलं. म्हणून तू ये. तिच्यासमोर सांग की मी हार मानली नव्हती. पर्युषणाआधी ये, नंतर तू उपासात अडकशील.

नाही आलास तर मला नवल वाटणार नाही.

निंबा

&nbsp;

जळगाव, १८ ऑगस्ट २०२५

निंबा,

तू तिथे होतास, तरी लिहितो. तू सगळा वेळ मान खाली घालून बसला होतास. काही गोष्टी तुला दिसल्या नसतील.

पारोळ्यापर्यंत बसमध्ये मी वाक्य पाठ करत होतो. छान वाक्य केलं होतं. त्यात "गैरसमज" हा शब्द होता.

ताईबाईंनी पाणी दिलं. मी बसलो आणि ते वाक्य म्हटलं: वहिनी, सत्त्याऐंशी साली आमच्यात एक गैरसमज झाला होता.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कोना गैरसमज? यास्ना का तुमना?"

बघ, किती सोपा प्रश्न. अडतीस वर्षांत मला तो कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

मी म्हणालो, "कोणाचाच नाही. मी खोटं बोललो. निंबाने हार मानली नव्हती. त्याने बरोबरी म्हटलं. मी पंचांना सांगितलं, हार मानली. डाव संपला नव्हता आणि हा उठणार नव्हता."

मला वाटलं, झालं. मग त्या दारात गेल्या आणि ओरडल्या, "बेबाबाई! आठे या. हातनं काम ठी या."

बेबाबाई पिठाचे हात घेऊनच आल्या. ताईबाई मला म्हणाल्या, "आते परत सांगा. यास्ना सामने. मोठा आवाजमा."

मी उभा राहिलो. का उभा राहिलो, माहीत नाही. पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द कमी लागले. बेबाबाई म्हणाल्या, "पन आमना घरना तं म्हनेत, हात दिधा." ताईबाई म्हणाल्या, "हात बरोबरीना व्हता. बठ्ठं खोटं यास्नी सांगं." आणि माझ्याकडे बोट केलं. घरात पाहुणा बसला आहे आणि त्याच्याकडे बोट. मला ते योग्य वाटलं.

मग त्या तुझ्याकडे वळल्या. "आनि तुमी? अडतीस वरीस मी बोलत राह्यनू. तुमी काबर बोलनात नही?"

तू म्हणालास, "मी सांगं असतं तं तू मानं असतं का?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी पाहत होतो. म्हणाल्या, "नही."

तेव्हा तुझी मान खाली होती म्हणून सांगतो. त्या तुझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा जुना हिशोब लागत नसलेल्या माणसासारखा झाला होता. परीक्षा, बांध, सगळं त्या पुन्हा आठवत असाव्यात. कुठे तू खरंच मागे सरलास आणि कुठे त्यांनी ते आधीच धरलं होतं. मी एक वाक्य बोललो होतो, मोजून तीन शब्दांचं. ते किती लांब गेलं हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. नंतर पाहवलं नाही.

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा." छापील नव्हतं ते. पहिल्यांदा माझ्या तोंडातून आलं.

त्या म्हणाल्या, "माफी मी देवाव नही. यास्नी देवानी तं यास्नी देवो. तुमी जेवा. कांदा-लसून टाकेल नही, तुमले चालस नही म्हनीसन."

माफी नाही, आणि कांदा नाही. निंबा, मी अशा माणसासमोर कधी बसलो नव्हतो.

पानं मांडली. बट्टीची परात घेऊन त्या आल्या. मी पाहुणा, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेलो, वयाने तुझ्यापेक्षा वर्षाने मोठा. माझं पान दाराकडून पहिलं होतं. त्या माझ्या पानावरून पुढे गेल्या आणि आधी तुला वाढलं. बट्टी स्वतः कुस्करली, तूप घातलं, वरण घातलं, हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "जेवा."

तू मान वर केलीस ती तेव्हा. मी रिकाम्या पानासमोर बसलो होतो. मला घाई नव्हती.

निर्मल